पॉलीहाऊसमध्ये राखणदार नेमताना

लावे सोडले त्या दिवशी दुपारी चारपर्यंत माझा पालक संपला होता. पुण्याजवळ पिरंगुटच्या पुढे आमचं एक गुंठ्याचं पॉलीहाऊस आहे. मधल्या गादीवाफ्यांवर ढोबळी मिरची आणि काकडी, कडेला घरापुरती पालेभाजी. 'पक्षी सोडले की किडी संपतात' एवढ्याच ऐकीव ज्ञानावर मी आठ जपानी लावे आणले, आत सोडले, दार लावलं आणि जेवायला गेलो. परत येऊन बघतो तर तीन आठवड्यांचा पालक देठापर्यंत खुडलेला, वाफ्यात आठ खड्डे आणि प्रत्येक खड्ड्यात एक लावा अंगावर माती उडवत पसरलेला. मिरचीवरचे पिठ्या ढेकूण मात्र होते तिथंच, पांढरेशुभ्र आणि निवांत. कामाला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "दादा, पाखरांनी भाजी खाल्ली. आता कीड तुम्ही खा."

त्यानंतर बरंच काही फसलं आणि थोडंफार जमलं. जे जमलं ते क्रमानं लिहितो. ज्यांनी नुकतंच छोटं शेडनेट किंवा पॉलीहाऊस उभं केलंय, मग ते मुळशीत असो, मावळात असो की सिंहगड रस्त्यावरच्या गच्चीवर, त्यांना हे उपयोगी पडेल. तळेगावला दहा-वीस गुंठ्यांवर गुलाब आणि जरबेरा करणाऱ्यांचं गणित वेगळं. तिथं फुलाच्या पाकळीवर विष्ठेचा एक ठिपका दिसला तरी माल परत येतो.

पायरी 1 : रात्री बॅटरी घेऊन आत जा

प्राणी आणण्याआधी कीड ओळखायची. लागोपाठ आठ दिवस, रात्री नऊच्या सुमारास बॅटरी आणि वही घेऊन आत जा. दिवसा जे दिसत नाही ते तेव्हा दिसतं. कोणती कीड आहे एवढंच लिहू नका. ती केवढी आहे आणि कुठे बसते, हेही लिहा. सगळा लेख या दोन प्रश्नांवर उभा आहे.

बेडूक, पाल, पक्षी यांचा हिशोब साधा असतो. डोळ्यांना दिसेल, बहुधा हलेल आणि तोंडात मावेल ते खायचं. म्हणजे रोप जमिनीलगत कापणारी कुरतडणारी अळी, रातकिडे, झुरळं, लहान गोगलगाई, भुंगेरे, पतंग, पानं खाणाऱ्या जाड अळ्या. याउलट लाल कोळी अर्ध्या मिलिमीटरचासुद्धा नसतो, फुलकिडे फुलाच्या आत दडतात, पांढऱ्या माशीची पिल्लं पानाखाली चिकटून बसलेली असतात आणि पिठ्या ढेकूण जागचा फारसा हलतच नाही. यांच्यापुढे बेडकांची फौज उभी केलीत तरी काही होणार नाही. तुमच्या वहीत पिठ्या ढेकूण किंवा मावा जास्त असेल तर थेट पायरी 7 वाचा.

ऑस्ट्रेलियानं 1935 मध्ये नेमकी हीच चूक मोठ्या प्रमाणावर केली. उसावरच्या भुंगेऱ्यांसाठी हवाईहून मोठ्या जातीचे भेक (खरबरीत कातडीचे बेडूक) आणून क्वीन्सलँडमध्ये सोडले. भुंगेरे उसाच्या शेंड्यावर आणि भेक जमिनीवर. भुंगेरे राहिले, भेक लाखोंनी वाढले आणि आज तिथं भेक हीच आपत्ती आहे.

एक किडा मात्र असा आहे की त्याला वयाप्रमाणे वेगळा शत्रू लागतो. टोमॅटोवरची नागअळी, टुटा ॲब्सोल्युटा, भारतात पहिल्यांदा नोंदली गेली ती 2014 मध्ये, आणि तीही आपल्या पुणे भागातल्या टोमॅटोवर. अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये बोगदा करून राहते, तिथं कोणाची चोच पोचत नाही. पण तिचा पतंग संध्याकाळनंतर उडतो आणि बरेचसे कोष मातीत पडतात. पतंगाला पाल आहे, कोषाला लावा आहे. वहीत 'कुठे बसते' लिहायला सांगितलं ते यासाठी.

पायरी 2 : पंप धुऊन वर टांगा

फवारणी आणि पाळणूक एका छपराखाली नांदत नाहीत. फुलकिड्यांवर आपल्याकडे सर्रास मारलं जाणारं फिप्रोनिल हे कीटकनाशक लाव्यासारख्या पक्ष्यांना फार विषारी असतं. इमिडाक्लोप्रिडचंही तेच. सायपरमेथ्रिनचे चार थेंब टाकीत गेले तर मासे उलटे होऊन तरंगतात. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, कातडीतून शोषतो. त्यामुळे ओल्या पानावर, ओल्या मातीवर जे असेल ते त्याच्या अंगात जातं.

डब्यावर काढणीपूर्वीचे जे दिवस छापलेले असतात ते माणसाच्या पोटासाठी मोजलेले असतात, बेडकाच्या कातडीसाठी नाहीत. मी शेवटच्या फवारणीनंतर एक पूर्ण पीक जाऊ देतो आणि मगच प्राण्यांचा विचार करतो. गोगलगाईंच्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या आणि उंदरांचं विष पॉलीहाऊसच्या आसपाससुद्धा नको. पक्षी गोळ्या दाणे समजून टिपतात.

निंबोळी अर्क चालतो का, असं सगळे विचारतात. पाच टक्क्यांचा, म्हणजे 100 लिटर पाण्याला 5 किलो निंबोळीचा अर्क मी वापरतो, पण पाण्याची भांडी झाकून, माशांच्या टाकीपासून लांब. 'नैसर्गिक' म्हणून माशाला तो मानवेलच असं नाही.

पायरी 3 : एप्रिल सोसतोय का बघा

पुण्याचा सगळ्यात कडक महिना मे नव्हे, एप्रिल. बाहेर 38-39 असताना बंद पॉलीहाऊसमध्ये 45 सहज होतात. दोन थर्मामीटर घ्या: एक डोक्याच्या उंचीवर, दुसरा वाफ्याच्या सावलीत, मातीपासून वीतभर वर. प्राणी राहतात ते दुसऱ्याच्या हवेत. तिथं दुपारी 35 च्या वर आकडा जात असेल तर लावे आत ठेवू नका. चोच उघडी टाकून धापा टाकायला लागले म्हणजे आधीच उशीर झालेला असतो.

उपाय नेहमीचेच. बाजूचे पडदे वर गुंडाळायचे, माथ्याची खिडकी उघडी, फिल्मच्या वर पन्नास टक्क्यांची शेडनेट, दुपारी दोनदा फॉगर. एवढं करूनही आकडा उतरत नसेल तर एप्रिल-मेमध्ये लाव्यांना बाहेर झाडाखालच्या खुराड्यात सुटी द्या. भेक मात्र स्वतःची सोय स्वतः करतात, मातीत खाली जातात.

पायरी 4 : पाणी आणि आडोसा

हे काम सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त उपयोगाचं. कसब्यातल्या कुंभारवाड्यातून मातीची दोन-तीन परळं आणा. पाणी दोन बोटं, जास्त नाही. आत एक खडबडीत दगड तिरका ठेवा म्हणजे पडलेला जीव वर येऊ शकतो. बादल्या, ड्रम, खताचे पिंप यांना झाकण हवंच. गुळगुळीत भिंतीच्या पिंपात पडलेला बेडूक सकाळी मेलेलाच सापडतो. महापालिकेचं क्लोरीनचं पाणी असेल तर आदल्या दिवशी भरून उघडं ठेवा.

परळातलं पाणी आठवड्यातून दोनदा ओतून द्या आणि फडक्यानं आतली बाजू पुसून घ्या. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेलाच चिकटतात. कीड मारायला निघालो आणि सोसायटीत डेंग्यू वाटला, असं नको.

आडोशासाठी फुटक्या कुंड्या फेकू नका. आडवी ठेवून अर्धी मातीत पुरली की भेकाचं घर झालं. तोंड उत्तरेकडे ठेवा, ऊन आत शिरत नाही. ठिबकच्या एखाद्या तोटीचा थेंब तिथं पडत राहील असं बघा. कोपऱ्यात कौलांचा आणि लाकडांचा छोटा ढीग केला की सापसुरळ्या येतात. ढीग गुडघ्याच्या वर जाऊ देऊ नका, कारण मग घुशी येतात.

पायरी 5 : आपणहून येतील त्यांना वाट द्या

भेक पकडून आणू नका. पाल, सरडा, सापसुरळी, बेडूक कोणीच नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 हे एक कारण. दुसरं असं की दुसऱ्या जागेवरून आणलेला भेक परतीची वाट शोधत दार खरवडत बसतो, तुमच्या अळ्यांकडे बघतही नाही. देशानं 1987 मध्ये बेडकांच्या तंगड्यांची निर्यात थांबवली, तेव्हाही मोठा युक्तिवाद हाच होता की बेडूक कमी झाले तर शेतातली कीड कोण खाणार.

अडचण अशी की 40 मेशची इन्सेक्ट नेट आणि दुहेरी दार असलेल्या पॉलीहाऊसमध्ये कोणी येऊ शकत नाही. मी बाहेरच्या दाराशेजारी जमिनीलगत तीन इंची पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा बसवलाय, एल्बो लावून थोडा वळवलेला, आतलं तोंड दोन दारांच्या मधल्या जागेत. तिथून आतल्या दाराखाली दीड-दोन इंचाची फट, तिला रबरी पट्टी लोंबती. पांढरी माशी दिवसा उजेडात उडते, ती वळणाच्या अंधाऱ्या पाइपातून सहसा येत नाही. जूनचे पहिले दोन मोठे पाऊस झाले की भेक येतात. आमच्याकडे पहिल्या पावसाळ्यात एकच आला होता.

बेडूक आणि भेक यांत गोंधळ होतो. भेक कोरड्या, खरबरीत, गाठीगाठींच्या कातडीचा असतो आणि लांब उड्या न मारता ठुमकत चालतो. डोळ्यांमागे दोन फुगीर ग्रंथी दिसतात, त्यांतून विषारी चीक येतो. हात लावल्यानं चामखीळ येत नाही, ती समजूत खोटी. पण हात धुवा, डोळ्याला लावू नका. घरच्या कुत्र्याला मात्र आत सोडू नका. भेक तोंडात धरला की त्याच्या तोंडाला फेस येतो आणि कधीकधी प्रकरण डॉक्टरपर्यंत जातं.

पालींबद्दल घरात जी नाराजी असते ती पॉलीहाऊसच्या दाराबाहेर ठेवा. पाइपावर, फिल्मच्या आतल्या बाजूनं रात्रभर फिरून ती पतंग टिपते. संध्याकाळी तासभर आत एक मंद पिवळा दिवा लावला तर आतले पतंग एका जागी जमतात आणि पालींची पंगत बसते. दिवा बाहेर लावू नका, बाहेरचे पतंग जाळीवर येतात. आता दुसरी बाजू: पालीला मित्रकीटक आणि शत्रूकीटक असा भेद कळत नाही. जे दिसेल ते ती खाते, तुम्ही पैसे देऊन आणलेला भुंगासुद्धा.

कोळी दिसले की जाळी झाडू नका. एवढंच.

पायरी 6 : लावे, पण दोन पिकांच्या मधे

विकत आणून पाळायचा एकच प्राणी मी सुचवेन, तो म्हणजे जपानी लावा. पोल्ट्रीवाले याला बटेर किंवा नुसतं क्वेल म्हणतात. माळरानावरचा रानलावा वेगळा. त्याला पकडणं गुन्हा आहे, म्हणून पक्षी हॅचरीतूनच घ्या आणि पावती जपून ठेवा.

वजन दीडशे-दोनशे ग्रॅम, म्हणून कोंबडीसारखी नासधूस करत नाही. सहा-सात आठवड्यांत मादी अंडी द्यायला लागते, अंडं साधारण 10 ग्रॅमचं. अंडी कुठेही टाकतात, वाफ्यात, पाइपाखाली, परळात. आणि उबवायला मात्र बसत नाहीत. रोज सकाळी अंडी शोधणं हा आमच्या मुलांचा उद्योग आहे.

माझी पहिल्या दिवशीची चूक वेळेची होती. कोवळी रोपं उभी असताना लावा सोडायचाच नाही. पीक काढलं, जुनी झाडं उपटली, वाफे हलक्या हातानं खुरपून कोष वर आणले, की मग दोन ते तीन आठवडे त्यांना पूर्ण पॉलीहाऊस द्या. त्या काळात ते मातीतले कोष, अळ्या, तणाचं बी असं सगळं टिपून काढतात. एक गुंठ्याला सहा ते आठ पक्षी पुरे. एका नराला तीन-चार माद्या ठेवा. नर जास्त झाले की एकमेकांची डोकी फोडतात.

काकडी, टोमॅटो किंवा मिरची गुडघ्याच्या वर गेली, देठ कडक झाले, की पुन्हा दिवसातून दोन तास सोडता येतं. पण जमिनीवरची पालेभाजी, स्ट्रॉबेरी यांच्या वाफ्यांना जाळीचं कुंपण हवं. हे केवळ नासधुशीसाठी सांगत नाही. पक्ष्यांच्या विष्ठेत साल्मोनेला असू शकतो. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत, जमिनीला टेकणाऱ्या पिकाच्या बाबतीत कच्चं शेणखत किंवा विष्ठा मातीत मिसळल्यापासून काढणीपर्यंत 120 दिवस आणि जमिनीला न टेकणाऱ्या पिकासाठी 90 दिवस जाऊ देतात. मी घरच्यासाठी त्यातून एवढंच घेतो: लावे फिरून गेले की त्या हंगामात कोथिंबीर-पालक नाही. वर मांडवावर चढणारी काकडी.

खाद्य बंद करू नका. 'उपाशी ठेवले तर किडी जास्त खातील' हा सल्ला मलाही मिळाला होता. उपाशी लावा किडी शोधत बसत नाही, समोरचं पान ओरबाडतो. दिवसाला एका पक्ष्याला 25 ते 30 ग्रॅम खाद्य लागतं, त्यातलं निम्मं सकाळी द्यायचं आणि उरलेलं संध्याकाळी खुराड्यात. संध्याकाळी खाद्य खुराड्यातच मिळतं हे कळलं की चौथ्या-पाचव्या दिवसापासून ते स्वतःहून आत येतात, मागे पळायला लागत नाही.

खुराडं कसं हवं? घाबरला की लावा सरळ वर उसळतो आणि छपरावर डोकं आपटून घेतो. म्हणून छप्पर एकतर फूटभराच्या आत, म्हणजे वेग घ्यायला जागाच नाही, किंवा वर मऊ जाळी ताणलेली. बाजूंना अर्ध्या इंचाची वेल्ड मेश. बोहरी आळीत फुटावर मिळते. कोंबड्यांची षट्कोनी जाळी घेऊ नका, मुंगसाचं डोकं आणि घुशीचे दात दोन्हींपुढे ती टिकत नाही. जाळी जमिनीत एक फूट पुरा. आमचे दोन लावे घुशीनं नेले ते खालून, वरून नाही.

गच्चीवर करणार असाल तर शेजाऱ्यांना आधी विचारा. नर पहाटे जो आवाज काढतो तो काही कोकिळेचा नसतो.

पाण्याच्या टाकीत गप्पी

ठिबकच्या उघड्या टाकीत डासांच्या अळ्या होतातच. महापालिकेचा आरोग्य विभाग डासांसाठी गप्पी मासे देतो, क्षेत्रीय कार्यालयात चौकशी करा. मादी अंडी न घालता साधारण महिन्याभरानं पिल्लंच देते, त्यामुळे दहा आणले तर दिवाळीपर्यंत टाकी भरते. जास्त झाले म्हणून मुठा नदीत, पाषाण तलावात सोडू नका. गप्पी दक्षिण अमेरिकेतला आहे, आपल्याकडच्या माशांची अंडी-पिल्लं खातो. पंपाच्या तोंडाला जाळी बांधा, नाहीतर मासे फिल्टरमध्ये सापडतात.

पायरी 7 : मावा आणि पिठ्या ढेकणासाठी किडेच हवेत

पिठ्या ढेकणासाठी क्रिप्टोलिमस नावाचा ढालकिडा (लेडीबर्ड भुंगा). हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, भारतात 1898 मध्ये आणला गेला. नवखे लोक इथं हमखास एक घोटाळा करतात: याच्या अळीच्या अंगावर पांढऱ्या मेणाचे झुबके असतात, ती हुबेहूब मोठ्या पिठ्या ढेकणासारखी दिसते. मी पहिल्या खेपेला चिमटीत धरून आठ-दहा मारल्या आणि मग कळलं की आपलीच माणसं मारतोय. ओळख सोपी आहे. झुबके लांब असतील आणि ती भरभर चालत असेल तर सोडून द्या.

माव्यासाठी क्रायसोपर्ला नावाचा मित्रकीटक मिळतो, त्याच्या अळ्या मावा खातात. बोंडअळी-फळअळीसारख्या पतंगांच्या अंड्यांसाठी ट्रायकोकार्ड, म्हणजे त्या अंड्यांवर वाढणाऱ्या ट्रायकोग्रामा या बारीक गांधीलमाशीचं कार्ड. एका कार्डावर साधारण वीस हजार परजीवी अंडी असतात; एक गुंठ्याला त्याची एक-दोन पट्टी पुरते, कातरीनं कापून पानाच्या खालच्या बाजूला स्टेपल करा, संध्याकाळी. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात जैविक कीड नियंत्रणाचं काम चालतं, बारामती आणि नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रांतही विचारता येतं. फोन करूनच जा. कार्ड आणल्यावर ते गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, उन्हात अर्ध्या तासात मरतं.

हे सगळं सोडण्याआधी मुंग्यांचा बंदोबस्त करा. पिठ्या ढेकूण आणि मावा यांच्या गोड चिकट पाण्यासाठी मुंग्या त्यांची राखण करतात आणि ढालकिड्याला पिटाळून लावतात. वाफ्याच्या कडेच्या मुंग्यांच्या वारुळात उकळतं पाणी आणि आधाराच्या तारांना चिकट पट्टी, एवढ्यावर माझं भागतं.

आणि पालींचं? ढालकिडे सोडायच्या आठवड्यात संध्याकाळचा दिवा बंद ठेवतो.

कोणाला आणू नये

कोंबडी: वाफे उकरते, ठिबकच्या नळ्या ओढते. बदक: गोगलगाईंवर उत्तम, पण त्याला चिखल लागतो आणि तुमच्या पॉलीहाऊसमध्ये तो चिखल तयारच करतो. बाहेरच्या बांधावर गोगलगाई झाल्या असतील तर शेजाऱ्याची बदकं दोन दिवस मागून आणा. कासव: 'शोभेलाही होतं' म्हणून लोक विचारतात. तारा कासव विकत घेणं आणि पाळणं दोन्ही गुन्हे आहेत. शिवाय ते शाकाहारी आहे, तुमची कीड नाही, भाजी खाईल. मांजर उंदरांबरोबर पाली आणि सापसुरळ्याही साफ करतं.

आणि साप. बेडूक आले, उंदीर आले की मागोमाग धामण येणार हे धरून चाला. धामण बिनविषारी आहे, उंदरांवर तिच्यासारखं कोणी नाही. पण मुळशी-मावळात घोणस आणि नागही आहेत, आणि अर्धवट अंधारात कोणता साप आहे हे ओळखायची हौस नको. आत शिरताना पायात बूट, हातात बॅटरी, कुंडी उचलायची ती आकड्यानं. साप दिसला तर दार उघडं ठेवून मागे सरका आणि वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. आमच्याकडे आलेली धामण वीस मिनिटांत आली त्या वाटेनं गेली; सर्पमित्र पोचेपर्यंत चहा उकळून झाला होता.

पहिल्या वर्षाचा बेत

सुरुवात मार्चमध्ये करू नका, उन्हाळा तोंडावर असतो. मे अखेरीस जुनं पीक काढा (फवारण्या त्या पिकाच्या आधीच थांबवलेल्या हव्यात), परळं आणि फुटक्या कुंड्या मांडा. जूनमध्ये पाइप उघडा आणि जो येईल त्याची नोंद करा. सप्टेंबरपर्यंत बाकी काही आणू नका. या चार महिन्यांत वहीत एक आकडा दर आठवड्याला लिहायचा: दहा झाडं ठरवून त्यांवर किती खाल्लेली पानं आहेत. ऑक्टोबरमध्ये, पीक बदलताना, लावे आणा. थंडीत रात्री पारा दहाच्या खाली जातो तेव्हा खुराड्याला गोणपाट लावा आणि परळातलं पाणी सकाळी उन्हं आल्यावरच बदला.

ऑगस्टच्या आसपास परळात काळ्या दाण्यांच्या दोन लांब माळा दिसल्या, जेलीत गुंफलेल्या, तर त्या भेकाच्या अंड्यांच्या आहेत. त्या आठवड्यात ते परळ ओतू नका. एका गप्पी नसलेल्या, झाकण अर्धं उघडं असलेल्या टबात ती माळ हलक्या हातानं सरकवा, आत विटांची उतरण ठेवा. महिना-दीड महिन्यानं नखाएवढे भेक उतरणीवरून चालत बाहेर येतात, तेव्हा आत जाताना पाय बघून ठेवावा लागतो.